मादामचा गृहप्रवेश

बिश्केक, ऑक्टोबर

थोरल्या भगिनी उलकान एजे यांना धाकट्या जपारचा वाकून सलाम.

तुमचे गुडघे कसे आहेत? मेव्हणे, नातवंडं, मेंढ्या, सफरचंदाची झाडं, सगळी खुशाल असतील अशी आशा आहे. काराकोलला बर्फ पडायच्या आत तुमच्या नव्या घरावर छप्पर चढलं, हे ऐकून जीव भांड्यात पडला. आम्हीही इकडे मजेत आहोत. (सायरा माझ्याशी बोलत नाही, पण तिची तब्येत ठणठणीत आहे.)

मी मात्र काळजीने अर्धा झालो आहे, एजे. आमच्या तळमजल्यावरची वालेंतीना तुम्हाला आठवत असेल, तुमच्या मेंढीच्या चरबीला नाक मुरडणारी. ती कायमची मुलीकडे सायबेरियात गेली. टॅक्सी सुटता सुटता खिडकीतून ओरडली, "जपार, माझ्या मांजरांना खायला घालशील ना रे?" आता प्रवासाला निघालेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं आपल्या घरात कुणाला जमलंय? मी हो म्हणून बसलो. मला वाटलं, अधूनमधून वाटीभर दूध. निघाली एक मांजरी, मादाम नावाची, आणि तिची दोन पिल्लं. राहायला आमच्या इमारतीच्या तळघरात, गरम पाण्याच्या नळांच्या कुशीत. ये-जा भिंतीतल्या झरोक्यातून. आणि खाण्याच्या वेळा अशा की आमच्या ट्रॉलीबस डेपोत कुणी पाळल्या नसतील.

एवढ्यावर भागलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. पण आमच्या इमारतीची कारभारीण रोझा (आवाज तुमच्यासारखा, मन मात्र तुमच्यासारखं नाही) हिने जाहीर केलं की, पिसवा फार झाल्यात, नळांत हिवाळ्याचं गरम पाणी सुरू व्हायच्या आत सगळे झरोके विटांनी बुजवणार. मी विचारलं, "आणि मांजरं?" ती म्हणाली, "आत राहतील ती आत, बाहेर राहतील ती बाहेर." एजे, मी त्या दिवशी जेवलो नाही. इकडे सायराने आधीच सांगून ठेवलं होतं, "अहो, एक मांजर जरी उंबऱ्याच्या आत आलं, तर मी उंबऱ्याच्या बाहेर."

तेव्हा मला समोरची नवी इमारत दिसली. रोज एक कुटुंब सामान घेऊन येतंय. नव्या घरात पहिलं पाऊल मांजराचं पडावं, ही चाल मुळात रशियन शेजाऱ्यांची. पण माणूस नवं घर घेतो तेव्हा कुणाचीच चाल मोडायची त्याची छाती होत नाही. मी पिल्लू खिशात घालून फाटकाशी उभा राहू लागलो. अडचण एवढीच की लोक मांजर आत सोडत, टाळ्या वाजवत आणि अर्ध्या तासात परत आणून देत. म्हणून मी (अल्लाह माफ करो) एक नियम काढला. गंभीर चेहऱ्याने सांगू लागलो, "पहिलं पाऊल ठेवणारं मांजर चाळीस दिवस घराबाहेर जाता कामा नये. गेलं तर बरकत गेली." आपल्यात बाळंतिणीला चाळीस, मयताला चाळीस, मग मांजराच्या चाळिसावर कोण शंका घेणार? दोन्ही पिल्लं खपली. चाळीस दिवस जे मांजर उशाशी झोपतं त्याला एकेचाळिसाव्या दिवशी कोण हाकलतं, असा माझा हिशोब.

राहिली मादाम. बाजारातल्या गालिचेवाल्या बाकितने नवं घर घेतलं आणि म्हणाला, "मला पोरकट मांजर नको, पोक्त पाहिजे." मी मादामला न्हाऊ घातलं (हाताचे ओरखडे अजून आहेत) आणि नेलं. तिने उंबरठा असा ओलांडला की जमलेल्या म्हाताऱ्यांनी वाहवा केली. मग दस्तरखान पसरलं, तळलेल्या बोर्सोकांचे ढीग पडले, आणि सगळ्यात वडीलधाऱ्या पाहुण्यापुढे मेंढीचं डोकं आलं. म्हातारबोवा सुरी हातात घेऊन दुवा मागत होते, डोळे मिटून. दुवा लांबली. डोळे उघडले तर डोक्याला एकच कान! दुसरा कान दारातून बाहेर चालला होता, मादामच्या तोंडात, आणि तिच्यामागून नुसत्या पायमोज्यांवर धावत मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकित दारात. "जपार आके, तूच म्हणालास ना, गेलं तर बरकत गेली? आण माझी बरकत परत!"

"अरे, मग मादामला घेऊन येतो."

"ते चोरटं थोबाड मला दाखवू नकोस! बरकत आण!"

आता मांजर न आणता बरकत कशी आणायची, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. तेवढ्यात खालून विटा उतरवल्याचा आवाज आला. मादाम कालपासून परत तळघरात होती. मी धावत खाली जाऊन झरोक्यात डोकं घातलं, मग खांदे घातले, आणि तिथे प्रकरण अडलं. आत मादाम माझं नाक हुंगतेय, बाहेर गवंडी माझे पाय मोजतायत. मागून रोझाचा आवाज आला, "यांनाही आतच ठेवा, पिसवा कमी होतील!" एजे, मी हसलो नाही. मी रडत होतो. मी तिथून ओरडलो की, मांजर हातात येईस्तोवर मी हलणार नाही. (हलताही येत नव्हतं, पण ते त्यांना ठाऊक नव्हतं.) शेवटी मादामच माझ्या पाठीवरून चालत बाहेर गेली. मला गवंड्यांनी ओढून काढलं. झरोका बुजला.

तेव्हापासून मादाम आमच्या स्वयंपाकघरात आहे आणि सायराचा अबोला. बाकी सगळं छान. मेव्हण्यांना सलाम, नातवंडांचे पापे.

तुमचा धाकटा,
जपार

ता.क. तुमच्या नव्या घरात पहिलं पाऊल कुणाचं पडणार, हे ठरलं का? सहज विचारलं.

ता.क. दोन. ठरलं नसेल तर हे पत्र आणणाऱ्या टॅक्सीवाल्याकडे एक टोपली आहे. झाकण जपून उघडा. मेंढीचं डोकं उंचावर ठेवा.

ता.क. तीन. हे टॅक्सीच्या टपावर कागद ठेवून लिहितोय. टोपली फार जड लागली म्हणून उघडली, तर आत जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरण्या. धावत घरी गेलो. मादाम सायराच्या मांडीवर. शेवटी सायराच बोलली, "काय बघताय? चाळीस दिवस व्हायचेत अजून."

मी म्हटलं, "अगं, तो नियम मीच काढलेला आहे."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "दार लावा, तिला गार लागतंय."

मुरंबा गोड मानून घ्या.