नसीम आपांचं कापलेलं वाक्य

लखनौ, १४ नोव्हेंबर १९९५

चि. सुबोध,

तुला आणि रुचाला आशीर्वाद.

रविवारी, बारा तारखेला, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी टीव्हीवर तू बनवलेली चहाची जाहिरात लागली. शेजारच्या नसीम आपांना मी मुद्दाम पुढच्या खुर्चीत बसवलं होतं. मागे निम्मी गल्ली जमली होती.

आपांनी तीस वर्षं केमिस्ट्री शिकवली. जन्मात न घातलेला बुरखा त्यांनी शूटिंगला घातला, कारण तू म्हणालास, त्याशिवाय शेजारीण मुसलमान आहे हे लोकांना कळणार नाही. पण त्यांना एक वाक्य होतं. ते त्यांनी आठवडाभर माझ्यासमोर पाठ केलं. जाहिरातीत सगळं कुटुंब बोललं, आपा मात्र दारात उभ्या राहून नुसत्या हसल्या. किटलीसुद्धा त्यांच्यापेक्षा जास्त वेळ दिसली.

“चलो, दिखी तो सही,” असं म्हणून त्या चहा न घेताच उठल्या.

माझी तब्येत उत्तम आहे, गुडघाही बरा. फक्त चारचा चहा दोन दिवस एकटीच घेते आहे. त्यांची अलीगढची लेक ब्याण्णवच्या डिसेंबरपासून त्यांना कायमचं बोलावते आहे. काल त्यांच्या अंगणात ट्रंक उघडी दिसली. थंडीचे कपडे उन्हात घातले असतील, असं मी स्वतःला सांगते. शूटिंगला त्या नाहीच म्हणत होत्या. मीच गळ घातली.

रुचाचा खोकला थांबला का?

कॉन्व्हेंटात आम्हाला माफी लेखी मागायला लावत. वाक्य का कापलंस ते आपांना लिही, मला नको. हिंदीत, स्वतःच्या हातानं. फोन चालणार नाही. पंचवीस तारखेच्या आत पत्र त्यांच्या हातात पडलं पाहिजे.

तुझी आई