सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाबद्दल वहिनींस खुलासा

तीर्थस्वरूप वहिनी यांस,

धाकट्या नणंदेचा मान खाली घालून नमस्कार. (पत्रात मान दिसत नाही हे मला कळतं, पण खाली आहे हे लिहून ठेवते.) तुमची कंबर कशी आहे? दादाचा खोकला गेला का, की अजून औषधाची बाटली नुसती हलवून परत ठेवतो? आईचे गुडघे, पोरीचा गणिताचा पेपर, सगळं सविस्तर कळवा. माझं म्हणाल तर तब्येत चांगली, झोप चांगली, खोली हवेशीर, पगार वेळेवर. आता पगार असं लिहून गेलेच आहे, तर खोडत नाही. प्रशिक्षणात पगार नसतो हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे वहिनी, घरी सांगून आले ते प्रशिक्षण नाही. नोकरी आहे. कायमची आहे, दुप्पट पगाराची आहे आणि देशाच्या या टोकाच्या त्याच हॉस्पिटलात आहे, जिथली नोकरी दोन वर्षांपूर्वी तुम्हाला मिळाली होती. आता तुम्ही पत्र खाली ठेवून पाणी पिऊन या. मी इथेच आहे.

आलात? मग त्या दिवसाचं बोलू. मी तो विसरले असेन असं तुम्हाला वाटत असेल, पण मला तो तोंडपाठ आहे, कारण पुढे वर्षभर मीच तो सगळ्यांना ऐकवत होते. दुपारी दोनची पाळी बदलत होती. आपल्या सिस्टर्स रूममध्ये सतरा जणी होत्या, तुमच्या पर्समध्ये नेमणुकीचं पत्र होतं आणि मी स्टुलावर चढले. (स्टुलाचा एक पाय आखूड होता, म्हणून मला डुलत बोलावं लागलं. लोकांना तो आवेश वाटला.) म्हटलं, पट्टी बांधणारा हात पैशासाठी सुटला की जखम रोग्याची चिघळत नाही, आपली चिघळते! म्हटलं, जादा पगार ही भूल आहे आणि भुलीतून उठल्यावर काय कापून नेलंय ते कळतं! प्रत्येक वाक्यानंतर मी किडनी ट्रे टेबलावर आपटत होते, त्यातला कुणाचा तरी कापूस उडून चहात पडला, आणि शेवटी तुमच्याकडे बोट दाखवून म्हणाले, आणि ही तर माझी सख्खी वहिनी! टाळ्या पडल्या. तुम्ही पत्राची चार घड्यांची पुडी केली आणि दोनची इंजेक्शनं द्यायला निघून गेलात. त्यानंतर तुम्ही तो विषय घरात एकदाही काढला नाहीत. मी याला तत्त्वाचा विजय समजत होते. पोरीला अभ्यासाला स्वतंत्र खोली मिळावी म्हणून तुम्ही निघाला होतात, हे मला माहीत होतं. भाषणात ते बसत नव्हतं, म्हणून घेतलं नाही.

मग मी का आले? याची तीन उत्तरं मी गाडीत तयार केली होती. एक, आईच्या गुडघ्यांचा खर्च. (तो दादा करतो.) दुसरं, नव्या यंत्रांचं ज्ञान मिळवून आपल्या हॉस्पिटलला परत देणं. (परत येणार कोण?) तिसरं इतकं उदात्त होतं की दुसऱ्या दिवशी मलाच आठवेना. खरं एवढंच की जाहिरात वाचली, आकडा पाहिला आणि पाय आपोआप निघाले. वहिनी, मला पगार हवा होता. इतकं छोटं वाक्य मी आयुष्यात कधी बोलले नव्हते, म्हणून घरी सांगता आलं नाही.

इथे आल्यावर शिक्षा लगेच सुरू झाली. आपल्याकडे वॉर्डातले पलंग दारापासून मोजतात. इथे खिडकीपासून. हे कुणी सांगत नाही, कारण इथल्यांना जग खिडकीपासूनच सुरू होतं असं वाटतं. चौथ्या दिवशी इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, नऊ नंबरचं उद्या ऑपरेशन आहे, गृहस्थ घाबरलेत, रक्तदाब घ्या आणि धीर द्या. धीर देणं म्हणजे माझं कुरण! मी दारापासून नऊ पलंग मोजले. चोवीस पलंगांच्या वॉर्डात तो निघाला इथला सोळा नंबर. तो रिकामा होता, त्याची डोक्याकडची बाजू खाली जात नव्हती, आणि ती किती अडकते हे पाहायला पलंग दुरुस्त करणारा मेकॅनिक त्यावर स्वतः आडवा झाला होता. निळे कपडे. इथल्या पेशंटांचेही निळेच. मनगटावर नावाची पट्टी नव्हती, ती मी लिहून बांधली. (ही चूक कुठल्याही हॉस्पिटलात माफ नाही, हे लिहितानाही कान तापले.) तो म्हणाला, "अहो सिस्टर, मी तर फक्त..." मी म्हटलं, "सगळे असंच म्हणतात. घाबरायचं नाही!" आणि सुरू झाले. माणसाचं शरीर, माणसाचं धैर्य, सुरीच्या पलीकडची पहाट. दहा मिनिटांनी तो हुंदके देत म्हणाला, "करूनच टाका बाई, घरी मात्र तुम्हीच सांगा."

रक्तदाब घेतला तर एकशे नव्वद. आधीचा की माझ्या भाषणाचा, यावर डॉक्टरांत अजून मतभेद आहेत, पण त्याला खरोखर दाखल करून घेतलं आणि आता तो मला देव मानतो. खरे नऊ नंबर सात पलंग पलीकडून सगळं ऐकत होते. त्यांनी ऑपरेशन आठवडाभर पुढे ढकलायला सांगितलं. इन्चार्ज सिस्टर ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "धीर आता दुसरं कुणी देईल. तुम्ही रक्तदाब लिहा." आणि लेखी खुलासा मागितला. तो पहिला. हा दुसरा.

पण खरी फजिती पुढेच आहे. इथल्या बहुतेक सिस्टर पगारासाठी कुठून कुठून आलेल्या. दिवस फार वाईट गेला की चहाला बसतात आणि मोबाइलवर एक भाषण लावतात. वहिनी, ते माझं आहे. आपल्या खोलीतल्या कुणीतरी मागून घेतलेलं, त्यात माझी पाठ आणि डुलणारं स्टूल दिसतं. माणसापेक्षा त्याचं भाषण दोन वर्षं आधी पोचलं! ट्रे आपटला की सगळ्या मिळून टेबलावर चमचे आपटतात आणि पोट धरून हसतात. दोन महिने मीही त्यांच्याबरोबर चमचा आपटला. (हे तुम्हाला सांगताना जितकी लाज वाटते आहे तितकी खोटं बोलतानाही वाटली नव्हती.) एकजण दर वेळी विचारायची, "त्या बिचाऱ्या वहिनीचं पुढे काय झालं गं?" मी म्हणायचे, काय माहीत.

मग एक दिवस एका पेशंटचा जावई सफाईच्या मावशींच्या अंगावर धावून गेला आणि माझ्या हातात नेमका ट्रे होता. आपटला. जावई दोन पावलं मागे सरला, आणि मागून एका सिस्टरचा आवाज आला, "बाई, परत एकदा आपटा बरं!" ट्रेवरून सगळ्यांनी मला ओळखलं होतं. चहाच्या वेळी कुणी मोबाइल काढला नाही. इन्चार्ज सिस्टर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या वहिनींची मुलाखत मीच घेतली होती. अशा हाताची बाई मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. आल्या नाहीत, तेव्हा मला वाटलं आपला पगार कमी पडला." मी म्हटलं, पगार पुरेसा होता, मी आडवी आले. कुणी टोमणा मारला नाही. शिवी दिली असती तर उत्तर तयार होतं. त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला, आणि वहिनी, मला तो उचलता येईना.

एक गोष्ट पहिल्या दिवसाची आहे, पण सांगायला शेवटी ठेवली. इथल्या ऑफिसात मूळ प्रमाणपत्रं मागितली. माझ्याजवळ नुसत्या झेरॉक्स, कारण तुमच्यासमोर कपाटातून मूळ काढली असती तर बिंग फुटलं असतं. घाम पुसायला रुमाल हवा म्हणून बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात हात घातला, तर प्लास्टिकच्या पिशवीत सगळी प्रमाणपत्रं, तारखेप्रमाणे लावलेली. प्रशिक्षणाला मूळ प्रमाणपत्रं लागत नाहीत. तुम्हाला सगळं कळलं होतं. डबा बांधून दिलात, दारात "जपून जा" म्हणालात, आणि स्टुलावर चढला नाहीत.

मोठ्यांना नमस्कार, पोरीला पापा. चुकीची माफी मागायची नाही, असंही मी एका भाषणात म्हटलं होतं. तेही मागे घेते.

तुमची नणंद

ता. क. हे पत्र दोनच्या पाळीला सिस्टर्स रूममध्ये मोठ्याने वाचा, त्याच स्टुलावरून. (आखूड पायाखाली पुठ्ठा घाला.) मेकॅनिकचा भाग गाळा. नको, वाचा. तो गाळला तर बाकीच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. कुणी मोबाइलवर घेतलं तर घेऊ द्या, इथे आपोआप पोचेल.

ता. क. दुसरा. सोबत फॉर्म आहे. इन्चार्ज सिस्टर दोन महिन्यांनी निवृत्त होताहेत आणि त्यांच्या जागेसाठी त्यांनी स्वतः हा मला दिला, तुमच्यासाठी. शेवटची तारीख वीस. "अर्ज करण्याचे कारण" या रकान्यात मी सहा ओळी लिहिल्या होत्या, त्या खोडल्या आहेत. तिथे "पगार" असा एकच शब्द लिहा. शोभतो. तुम्ही आलात तर मी तुमच्या हाताखाली असेन आणि माझे खुलासे तुमच्याकडे येतील. सवय आहेच तुम्हाला.

ता. क. तिसरा. यायचं नसेल तर नका येऊ, फक्त ते माझ्या भाषणामुळे नसावं. यायचं असेल तर मूळ प्रमाणपत्रं बाजूच्या कप्प्यात आठवणीने स्वतःच ठेवा. दादाला ती सापडायची नाहीत. दोन वर्षांपूर्वी ती ठेवणं माझं काम होतं.