पहिल्या गाण्यातली झांज

६ जानेवारी, सोमवार
इयरफोन गेला! पहिल्या गाण्यात बेस वाजतो, ड्रम वाजतो, वरची झांज मात्र गायब. तीच चिट्-चिट् तर मला हवी असते. सुरतेच्या पर्वत पाटिया बाजारातला माल. चार महिने टिकला हेच खूप.

८ जानेवारी
नवा आणला. यातही नाही! परत द्यायला गेलो तर दुकानदार म्हणे, "भाई, पीस ओके छे, तुमचा फोन बिघडलाय." चोराच्या उलट्या बोंबा!

९ जानेवारी
बारा वर्षं हाच अल्बम. माझा दोस्त प्रशांत आमची लिंबायतची वस्ती सोडून पुण्याला गेला, जाताना माझ्या फोनमध्ये टाकून गेला. म्हणाला, "याला पोस्ट-पंक म्हणतात. चाळीस वर्षांपूर्वीची इंग्रज पोरं आहेत. तुला नाही आवडायचं."
शब्द निम्मे कळत नाहीत. पण तो गाणारा — दार उघडं आहे आणि पाय उचलत नाही, अशा आवाजात गातो. ते पहिल्याच दिवशी कळलं. यंत्रमागावर, लूमवर राबून माझ्या वडिलांचे, आप्पांचे कान गेले, म्हणून त्यांच्या जागी मला नुकतंच उभं केलं होतं. बावीस वर्षांचा होतो. संडासात जाऊन रडलो.
तेव्हापासून रोज, सुटल्यावर घरी येईपर्यंत, ही आठ गाणी. तेवढाच पाऊण तास माझा. बाकी बारा तास लूमच्या कारखान्यात, आमच्या खात्यात, उरलेले खोलीत. जाणार कुठे?

१२ जानेवारी, रविवार
सुषमा चिडली. "मी पाठमोरी बोलनू का तुमनं ध्यानच नही ऱ्हास!"
ध्यान असतं. पण खात्याच्या खडखडाटात कानाने बोलतं कोण? ओठ बघायचे, हात बघायचे. घरीही तीच सवय. नवीन लग्न झालं तेव्हा हिला वाटायचं, नवरा किती प्रेमाने तोंडाकडे बघतो!

१४ जानेवारी, उत्तरायण
खातं बंद. गच्चीवर सुषमाच्या कानात इयरफोन घातला. काय ऐकू येतं, विचारलं. तिचे ओठ म्हणाले, "झांज वाजी ऱ्हायनी."
जुन्या इयरफोनातही वाजत होती! फोन धड, इयरफोन धड.
भीती वाटली. फार. आजूबाजूला सगळे पतंग कापून नाचत होते.

१७ जानेवारी
कानाचे डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही. उरलेलं वाचवायचं तर लूम सोडा.
सोडा म्हणे! सोडून करू काय? दुसरं काही येत नाही मला. आणि नाही सोडलं तर आज झांज, उद्या तो गाणाराही जाईल. मग माझं म्हणून काय उरलं?
आप्पांना सांगायला हवं. त्यांना ओरडून सांगायचं म्हणजे सगळ्या गल्लीला कळणार.

१८ जानेवारी
ओरडलो नाही. नेहमीसारखंच सांगितलं. आप्पांनी सगळं ऐकलं, मग म्हणाले, "दिवाईपासून तुना आवाज चढेल शे, तुनं बोलनं माले समदं ऐकू येस, बेटा. तव्हयच समजी गऊ."