शेजारच्या घरातली प्रत

३ मार्च

मान्सानियोला पोचलो एकदाचा. बायामोहून ट्रकमध्ये उभ्याने आलो. अर्धा रस्ता एका बाईचं डुक्कर माझ्या पायावर बसून होतं, तरी मजेत आहे. इथे हवेला समुद्राचा वास आहे आणि मला ओळखणारं एकही माणूस नाही, यासारखं सुख नाही.

एवेलिओ मास्तरांनी दारातच विचारलं, कॉलेज का सोडलंस? मी म्हटलं, मी नाही सोडलं, एका मुलीवरून वर्गातल्या एकाचं नाक फोडलं, मग कॉलेजने मला सोडलं. म्हातारा पोट धरून हसला. म्हणाला, ओस्मेल, इथे नाकं फोडायची नाहीत पोरा, सरळ करायची, आणि तीही पडद्यावर.

मास्तर पोरींच्या पंधराव्याचे फोटो काढतात. गावातली एकही पोर अशी नसेल जी पंधराव्या वाढदिवसाला भाड्याचा फुग्याफुग्यांचा झगा घालून या घरात उभी राहिलेली नाही. काढायचं इथल्या पडवीत आणि मागे लावायचा राजवाडा, धबधबा, हवं ते. ते कापायचं-चिकटवायचं काम आता माझं. पण त्याआधी दुसरं. गेल्या महिन्यात घरच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क टकटक करत मेली आणि दोन वर्षांचे फोटो घेऊन गेली. बॅकअपची पक्की सोय लावायची, हे पहिलं काम.

कॅमेरा तपासायला मास्तरांनी माझाच फोटो काढला. पांढरा शर्ट, उजवा हात वर करून सलाम ठोकतोय. बरा दिसतो मी.

खोली छान आहे, कॉम्प्युटरही तिथेच. फक्त छताचा पंखा दारुड्यासारखा डोलतो. मास्तर म्हणाले, नट मिळाला की आवळू. या बेटावर नट कधी मिळतो ते देवालाच ठाऊक.

५ मार्च

दोन दिवस बॅकअपचाच विचार. जुनी पद्धत म्हणजे सीडी. मास्तरांनी त्या दुधाच्या पावडरीच्या डब्यांत कोरडे तांदूळ घालून ठेवल्यात, दमटपणा लागू नये म्हणून. तरी बुरशी लागतेच. घरी इंटरनेट नाही, पार्कात जाऊन पाठवायचे म्हणजे एक झगा चढेपर्यंत पोरीचं लग्न होईल. नवी बाहेरची डिस्क कोणी परदेशातून आणली तर.

मग गच्चीवर गेलो आणि प्रश्न सुटला. गल्लीतल्या पोरांनी घराघरांतून वायर ओढून कॉम्प्युटर जोडलेत, खेळ खेळायला. शेजारच्या घरात यिसेल राहते. दर आठवड्याला हवानाहून जी मालिका-गाण्यांची डिस्क येते ती उतरवून घेऊन ती गल्लीला वाटते, म्हणून तिच्याकडे ही एवढी मोठी डिस्क आहे. ती कपडे वाळत घालत होती. दातांत चिमटा. मला म्हणाली, ए बायामोच्या, बघतोस काय, दोरी धर!

ठरलं. प्रत शेजारच्या घरात.

आता प्रत ठेवायच्या दोन तऱ्हा. एक, रोजची वेगळी, तारीख घालून. आज काही बिघडलं तर कालचं मिळतं. दुसरी, आरसा. दोन्हीकडे सतत तेच. इथे काही ठेवलं की क्षणात तिथे, तिथे काही बदललं की इथे. शहाणा माणूस पहिली निवडेल. मी आरसा लावला. आरशातून तिला चिठ्ठ्या पाठवता येतात.

मास्तरांनी एकच विचारलं, इकडे चुकून काही पुसलं गेलं तर तिकडे राहील ना रे? मी म्हटलं, राहील की.

खोटं बोललो. पण पुसतंय कोण?

८ मार्च

मास्तरांचा एक विचित्र नियम आहे. मुरूम झाका, आकाश बदला, पण या घरात काढलेल्या फोटोतून माणूस कापायचा नाही. कापलाच तर मूळ प्रत आधी बाजूला ठेवायची. त्यांच्या समोर हात जोडून कबूल करावं लागलं.

आज तांदळातली एक जुनी सीडी उघडली. बुरशीने खाल्लेली. उघडला तो एकच फोटो, निळा झगा, आणि डाव्या गालाच्या जागी राखाडी चौकोन. मास्तरांनी पडदा बंद केला. म्हणाले, सकाळी पाव द्यायला येते ना, ती ही.

ती पाववाली डोक्याचा रुमाल डावीकडे ओढून घेते. स्टोव्हचा भडका उडाला होता म्हणे. मी म्हटलं, मास्तर, भडके काय, उडतातच. ते म्हणाले, आधी सीडी गेली, मग भडका उडाला.

म्हाताऱ्याला माणसांपेक्षा फोटोच जास्त भेटतात, त्याचं हे.

माझा सलामाचा फोटो आरशात टाकला, यिसेलसाठी. गच्चीवरून ओरडली, हा कोण हवालदार? मी दिवसभर हसत होतो.

१२ मार्च

तिचं लग्न ठरलंय.

आज ती त्यालाच घेऊन आली, साखरपुड्याचा फोटो काढायला. रेइनिएर. बर्फाच्या कारखान्यात कामाला आहे, मान बैलासारखी. माझ्याकडे बघून म्हणाला, अच्छा, अर्धवट इंजिनिअर तो हाच का? माझं पोट जरा आत घे बरं, पडद्यावर तरी अभ्यास पुरा कर. यिसेल हसली. त्याच्याकडे बघून हसली, ते मला जास्त लागलं.

फोटोत मागे धबधबा लावलाय, आणि त्याचा उजवा हात तिच्या खांद्यावर आहे. जाड बोटं. बाजारात कलिंगड विकत घेतल्यासारखा ठेवलाय.

छापायला शाई नाही, पुढच्या आठवड्यात येईल. कॅमेऱ्याचं कार्ड मी पुसून टाकलं, उद्या दुसरी पोर आहे.

१४ मार्च

केलं.

दुपारी मास्तर झोपले होते. ती गच्चीवर त्याच्यासाठी शर्ट इस्त्री करत होती आणि गात होती. मी त्याचा उजवा हात खांद्यापासून कापला. सफाईने. तिच्या खांद्यावर तिच्याच झग्याची लेस चिकटवली. सेव्ह केलं, मूळ फोटोवरच. मग पाणी प्यायलो. इतकं गार पाणी आयुष्यात प्यायलो नव्हतो.

संध्याकाळी ती गच्चीवरून ओरडली, ओस्मेल, ही कसली थट्टा, हात परत लाव त्याचा! मी म्हटलं, शोधतो, कुठे ठेवलाय ते.

१५ मार्च

कारखान्यात यंत्राच्या पट्ट्यात रेइनिएरचा हात गेला. उजवा. खांद्यापासून.

लोक म्हणतात पट्टा थांबवेपर्यंत तो हात दोनदा फिरून आला. त्या लादीचा बर्फ कोणी फेकला नाही, गल्लीच्या टोकाला मासे त्याच्यातच मांडलेत. गुलाबी बर्फ. मी स्वतः बघून आलो.

मास्तरांनी विचारलं, काही कापलंस का? मी नाही म्हटलं. ते माझ्या हातांकडे बघत राहिले.

योगायोग आहे. पट्टे काय, हात खातातच.

१७ मार्च

खात्री करायची म्हणून. एका जुन्या फोटोत मागे मास्तरांचा कोंबडा दिसतोय, काल त्याचं मुंडकं पुसलं.

आज सकाळी अंगणात शेजारचं कुत्रं घुसलं. कोंबडा मुंडक्याशिवाय पाण्याच्या पिंपाला तीन फेऱ्या मारून पडला. माझ्या चपलेवर रक्त. मास्तर पायरीवर उभे. जवळ आले आणि माझ्या थोबाडीत दिली.

मग रडले. म्हणाले, मूळ प्रत आहे ना रे? शेजारच्या घरात आहे ना? अख्खी प्रत परत आणली की भरून येतं, एका पोरीचा मोडका पाय मी असा परत आणलाय.

मी गच्चीवरून यिसेलकडे गेलो. ती दवाखान्यात होती. तिच्या कॉम्प्युटरवर बघितलं. तिथेही हात नाही. असणार कसा. आरसाच तो.

म्हणजे तो हात आता कुठेच नाही. मीच तशी व्यवस्था लावली.

२८ मार्च

रेइनिएर दवाखान्यातून घरी आला. यिसेल आज माझ्या खोलीत आली. पहिल्यांदाच. किती वेळा हे मनात बघितलं होतं मी.

म्हणाली, मला सगळं माहीत आहे, मास्तरांनी सांगितलं. जुनी प्रत काढ. मी म्हटलं, नाही. तिने गुडघे टेकले. मी म्हटलं, खरंच नाही, यिसेल, मी ठेवलीच नाही. ती म्हणाली, का? मी काय सांगणार? तुला चिठ्ठ्या पाठवायच्या होत्या म्हणून?

सांगितलं तेच.

ती उठली. म्हणाली, एका हाताचा असला तरी त्याच्याशीच लग्न करीन, तुझ्या दोन हातांवर मी थुंकते. आणि थुंकली.

मी म्हटलं, त्याला सोड, नाहीतर आता चेहरा. हे मीच म्हटलं. ऐकू आलं मला माझंच.

ती गेली.

२९ मार्च

दुपारी तिच्या घरी ती त्याला चमच्याने भरवत होती. खिडकी उघडी होती. मुद्दामच उघडी होती. तो माझ्याकडे बघून हसला, तोंडात भात —

मी पुसला. कपाळापासून हनुवटीपर्यंत. सेव्ह केलं. चार सेकंद.

लगेच परत आणायला गेलो. परत आणायचं बटण दाबलं. पडदा गोठला. वीज गेली. वीज आली तेव्हा फोटोत मान होती आणि वर धबधबा.

३० मार्च

गल्लीतच, रेइनिएरच्या घरी, काळ्या घेवड्याचा कुकर. शिट्टीचं भोक दाण्याने तुंबलेलं. त्याची आई अंगणात होती. एका हाताने झाकण फिरवायला गेला, कुकर घसरला म्हणून पोटाशी धरून वाकला —

दुसरा हात असता तर लांबून उघडला असता.

इथपर्यंत आवाज आला. मग त्याच्या आईचा. घेवडा भिंतीला. भिंतीला नुसता घेवडा नव्हता.

मग यिसेलच्या खिडकीकडे बघितलं. ती रडत नव्हती. खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसली होती.

३१ मार्च. सकाळ

मयताला अख्खं गाव चाललंय. मास्तर काळा कोट घालून गेले. जाताना म्हणाले, तू येऊ नकोस, पोरा, तुला बघितलं तर मी काय करीन सांगता येत नाही.

यात्रा घरावरून गेली. यिसेल त्यात नव्हती.

दहा वाजता

आता आठवलं. आरसा दोन्हीकडून चालतो. मीच तिच्यापुढे तशी बढाई मारली होती.

माझा फोटो उघडला. पांढरा शर्ट. सलाम ठोकणारा उजवा हात नाही. चेहरा नाही. कॉलरच्या वर नुसतं आकाश, नीट जुळवलेलं. हात आधी, मग चेहरा. माझाच क्रम. बदलल्याची वेळ काल संध्याकाळची.

म्हणजे आज.

मूळ प्रत? कॅमेऱ्याचं कार्ड मी पुसलं. मीच.

तिची खिडकी उघडी आहे. बसून बघतेय. ना हसते, ना काही.

सव्वादहा

तिच्या पंधराव्याचा फोटो इथे आहे. गुलाबी झगा, कृत्रिम जिना. दातांत चिमटा नाही, पण हसू तेच. समोर उघडलाय. सगळा निवडलाय. एक बटण.

बोट बटणावर आहे. डाव्या हाताने लिहितोय हे —

तिला दिसतंय माझं बोट. ती हलत नाही. दाब म्हणतेय. डोळ्यांनी.

मी दाबीन. मला मी माहीत आहे. आत्ता नाही तर पाच मिनिटांनी, तिने जांभई दिली तरी —

वायर उपटली.

भिंतीतून ओढून काढली, खिळ्यासकट. आता इथे काहीही केलं तरी तिथे पोचणार नाही. तिचा फोटो तिच्याकडे अख्खा राहील. दोन घरं, दोन प्रती, मधे काही नाही. हा पहिला खरा बॅकअप. म्हातारा खूश होईल.

तिने खिडकी लावून घेतली.

अकरा

वीज गेली. उकाडा. घाम वहीवर पडतोय.

खोलीतलं सगळं बाहेर टाकलं. कात्री, आरसा, दिव्याची काच, स्टोव्ह. बाहेर जात नाही, बाहेर ट्रक आहेत, कुत्रं आहे. टेबल भिंतींपासून लांब ओढलं. खोलीच्या बरोब्बर मध्यावर. इथे काही पोचत नाही. चारी बाजूंना नजर ठेवतोय.

अजून दोन्ही हात आहेत. उजव्यानेच लिहितोय. संध्याकाळपर्यंत काही झालं नाही तर मास्तरांच्या पाया पडीन. मग यिसेलच्या. तिने नुसतं —

वीज आली. बाहेर पोरं ओरडली, आली आली.

बरं वाटलं. घामाच्या पाठीवर वारा येतोय, गार, कुठून ये