तबकडी पुसू नये

मी, खाली सही करणारा, वय बावन्न वर्षे तीन महिने, धंदा घड्याळदुरुस्ती, शिक्षण नववीपर्यंत शाळेत व त्यापुढे स्वतःचे स्वतः, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि डोके ठिकाणावर असताना लिहीत आहे. कोणी भरीस घातलेले नाही. येत्या सोमवारी माझ्या पित्ताशयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "किरकोळ काम आहे." घड्याळ पूर्ण खोलायचे असले की गिऱ्हाइकाला मीही हेच सांगतो, म्हणून हा कागद. याआधी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर आणि बँकेत जे असेल ते माझ्या पत्नीचे. तिने तेवीस वर्षे जेवणाच्या टेबलावर माझे सुटे भाग सहन केले. एकदा भाताबरोबर स्क्रू गिळला असे ती चारचौघांत सांगते. तो स्क्रू नव्हता, वॉशर होता. नोंद असावी.

२. दुकान, लेथ, चिमटे व भिंगे मुलीला. ती औषधांच्या दुकानात काम करते आणि तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. हे तिला तोंडावर कधी सांगितलेले नाही, इथे वाचावे. सगळ्यात बारीक चिमटा कोणालाही उसना देऊ नये, होणाऱ्या नवऱ्यालासुद्धा.

३. चमकत्या आकड्यांची एकवीस जुनी घड्याळेही तिलाच. तिने एकदा विचारले होते, "बाबा, ही आता अंधारात चमकतसुद्धा नाहीत. मग यांच्यात बघता काय एवढं?" तेव्हा मी "तुला नाही कळायचं" म्हणालो होतो. ते चूक होते. उत्तर असे आहे.

आकड्यांत भरलेला रेडियमचा लेप मुळात हिरवट पांढरा होता. त्याची चमक काही वर्षांत दमली, पण रंग त्यानंतरही पिकत राहिला. कुठे तो दुधावरच्या सायीसारखा झाला, कुठे जुन्या वहीच्या कडेसारखा, कुठे थेट चहासारखा. एकवीस घड्याळे, एकवीस रंग. हा रंग कोणी दिलेला नाही, म्हणून तो कोणाला पुन्हा देताही येत नाही. भरणाऱ्याचा हातही त्यात दिसतो. सात नंबरच्या घड्याळात चारच्या आकड्यातला लेप रेषेबाहेर आला आहे. ते कोणा बाईचे काम असावे. तिचे नाव कळायला मार्ग नाही, पण त्या दिवशी तिला घाई होती हे मला ठाऊक आहे. बघतो ते हे.

४. समोरचा घड्याळजी, ज्याला सारी गल्ली 'चकचकीत' म्हणते, त्याच्या हाती यातले एकही देऊ नये. तो जुना लेप खरवडतो, नवा भरतो आणि वरून कॉफी फासून त्याला म्हातारा करतो. मी बोललो तर म्हणाला, "अहो, गिऱ्हाईक खूश, मी खूश, तुमच्याच पोटात का दुखतं?" (पोटात दुखण्याचे कारण पित्ताशय होते, हे पुढे निघाले.) माझ्याकडचे मास्कचे न उघडलेले खोके त्याला द्यावे. तो तोंडाला काही न बांधता खरवडतो आणि ती पूड फुप्फुसात जाणे बरे नाही. माणूस जगला पाहिजे, नाहीतर दुकानात बसून नावे ठेवायची कोणाला?

५. वडिलांचे घड्याळ. हे माझे नाही, दादाचे आहे, पण चौदा महिने माझ्याकडे आहे.

वडील शीतगृहात फोरमन होते. तिथल्या काळोख्या कोठ्यांत वेळ दिसावी म्हणून त्यांनी हे घेतले. ते गेल्यावर थोरला म्हणून दादाला मिळाले. त्याच्या मनगटावर मला ते कधीच दिसले नाही आणि मी ते मनात धरून होतो. गेल्या वर्षी माळा आवरताना ते सापडले, तेव्हा वहिनी ते तीन पिशव्यांत गुंडाळून, हातभर लांब धरून दुकानात घेऊन आल्या. मी किल्ली दिली. काटे जरा पुढे सरकून थांबले आणि खाली तबकडीवर त्यांच्या दोन तपकिरी सावल्या तशाच राहिल्या. काट्यांतल्या रेडियमने खालचा रंग भाजला होता. असा ठसा महिन्या-दोन महिन्यांत उठत नाही. घड्याळ वर्षानुवर्षे एकाच वेळेवर बंद पडून राहावे लागते.

मी वहिनींना तिथल्या तिथे सुनावले, "दादाला सांगा, बापाच्या घड्याळाला किल्ली द्यायला दोन बोटं लागतात. तीही झिजली का त्याची?" वहिनी तिन्ही पिशव्या उचलून गेल्या. तेव्हापासून दादाचे-माझे बोलणे बंद. "पार्ट मिळत नाही" असा निरोप धाडून मी घड्याळ अडकवून ठेवले. पार्ट पहिल्याच आठवड्यात मिळाला होता.

गेल्या रविवारी मुलगी ऑपरेशनचे सांगायला त्यांच्या घरी गेली, तेव्हा वहिनी तिला म्हणाल्या, "अगं, तुझ्या बाबांनीच तर घाबरवलं होतं! अकरा वर्षांपूर्वी इथे जेवायला आले आणि ताटातलं गार होईपर्यंत बोलत होते. हे विष आहे, हाडं पोखरतं, अंगाला लावू नका. मग ह्यांनी ते पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवलं. म्हणाले, भाऊ एवढं वाचतो, त्याचं ऐकायचं."

हे खरे आहे. मी विसरलो होतो. मी बऱ्याच ताटांसमोर बरेच बोललो आहे. त्या वेळी माझ्याकडे या विषयावरचे पुस्तक होते, रद्दीतून मिळालेले, निम्मे फाटलेले. लेप भरणाऱ्या बायका ब्रश ओठांनी टोकदार करीत आणि आजारी पडत, एवढ्यावर ते संपत होते. उरलेला निम्मा भाग तीन वर्षांनी त्याच रद्दीवाल्याकडे सापडला. त्यात होते की मुख्य धोका पूड पोटात वा श्वासात जाण्याचा. काच आणि झाकण घट्ट असेल आणि घड्याळ उघडले नाही, तर अधूनमधून मनगटावर घालायला इतके भिऊ नये. ही दुरुस्ती मी माझ्या वहीत लाल शाईने केली. दादाच्या घरी जाऊन केली नाही.

सबब ती सावली दादाची हयगय नव्हे. भावाचा शब्द त्याने जवळजवळ दहा वर्षे पाळला, त्याचा तो ठसा आहे. तो कोणी पुसू नये. <s>माझ्या पश्चात हे घड्याळ दादाला पोचते करावे.</s>

६. वरच्या शेवटच्या वाक्यावरची रेघ मीच मारली आहे, शेजारी छोटी सही आहे. कारण असे की हे लिहीत असतानाच दादा दुकानात आला. चौदा महिन्यांनी.

"सोमवारी किती वाजता जायचंय?"

"सातला."

"मी सहाला येतो. तू पाचपासून चपला घालून बसशील, माहीत आहे."

मी कलम ५ त्याच्यापुढे सरकवले. त्याने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले.

"दुसरा भाग कधी मिळाला म्हणालास?"

"आठ वर्षं झाली."

"आठ वर्षं! अरे गाढवा, माळ्यावर चढताना मी तोंडाला रुमाल बांधायचो!"

आणि तो इतका हसला की शेजारचा चष्मेवाला काय झाले म्हणून बघायला आला. हसून झाल्यावर दादा म्हणाला, "आण, साक्षीदार म्हणून सही करतो." मी सांगितले, वकिलांनी बजावले आहे, ज्याला काही मिळणार त्याची साक्ष घेऊ नका. म्हणजे एकतर घड्याळ, नाहीतर सही.

"मग मरायची वाट कशाला बघतोस? आत्ताच दे."

दिले. पट्टा शेवटून दुसऱ्या भोकात बसला.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर त्यावर सही केली आहे.

सही: घड्याळजी, स्वशिक्षित

साक्षीदार १: थोरला भाऊ, निवृत्त बसचालक. या कागदान्वये काहीही मिळणार नाही.
साक्षीदार २: शेजारचा चष्मेवाला.

स्थळ: माझे दुकान, मागची खोली.
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा गुरुवार.
वेळ: माझ्या भिंतीवरच्या घड्याळात सहाला आठ कमी, दादाच्या मनगटावर सहाला दहा कमी. दादा म्हणतो, त्याचेच बरोबर आहे. मी वाद घातलेला नाही.