म्हातारीच्या बलिया

४ मे
पूजाचं, आमच्या नातीचं, जमलं. सोलापूरचे पाहुणे. तेही लमाणच, पण दोन पिढ्या शहरात. चहा पिताना मुलाची आई म्हणाली, "इतकी गोरी! पोरगी लमाणी वाटतच न्हाय हो!" कौतुक म्हणून! आमचा वसंता लेकीकडं बघत हसला. मी कप खाली ठेवला. आमी सहा भावंडं, एका आईची. थोरला कोळशासारखा, धाकटी लोण्यासारखी. त्यातलं लमाणी कोणतं?

७ मे
सोलापूरहून वसंताला फोन. दादीला, म्हणजे आमच्या म्हातारीला, साडी नेसवा. आरशा-कवड्यांचं नको. दंडातल्या बलिया, त्या पांढऱ्या बांगड्या, उतरवा, फोटोत रानटी दिसतं.
वसंता म्हणतो, "बा, एका दिवसाचा तर प्रश्न."
"अरे, कोपरावरच्या बलिया बाई कधी उतरवती? नवरा गेल्यावर. मग मी लग्नाआधी मरू व्हय? फोटो तरी बरा येईल त्यांचा."
सून तोंड फिरवून हसली. मला हसू आलं न्हाय.

८ मे
जेवण गेलं न्हाय. वसंता लहान असताना शाळेत आमच्या गोरबोलीत बोलला, तर मास्तरनं बाकावर उभं केलं. मी भांडायला गेलो न्हाय. उलट घरातबी मराठीच सुरू केली, पोरगं पुढं जावं म्हणून. गेलं पुढं. आता मागं बघायची लाज वाटती त्याला. कुणावर चिडू? आधी माझ्यावरच...

११ मे
मुलाच्या बापाला स्वतः फोन लावला. म्हटलं, "तुमच्या आईच्या दंडात काय होतं?" तो म्हणाला, "काका, तो काळ गेला. समाजात मिसळाया पायजे." म्हटलं, मिसळू की! मीठ भाजीत मिसळतं, पण चव सोडत न्हाय. तुमी तर आमाला घासून धुवायलाच निघालात.
फोन कट.

१३ मे
उमरग्याहून आलो, तर ही न्हाणीपाशी बसलेली. दंडाला साबण. डाव्या हातातल्या सगळ्या बलिया काढून पाटावर ठेवलेल्या. खालचं कातडं पांढरंफटक, पन्नास वर्षं ऊन न बघितलेलं.
"बघा, मीबी गोरीच हाय की," म्हणाली. "चालंल आता त्यांना."
"घाल परत."
"पोरीचं मोडलं तर?"
"मोडू दे!"
"तुमाला बोलाया काय जातं? दारात बसून पोर रडंल ती माझ्यापाशी, तुमच्यापाशी न्हाय."
खरं हाय तिचं. पण राग हाय. ढीगभर.

१४ मे
पूजाला कळलं. अंगणातूनच पोराला फोन लावला. "माझी दादी हाय तशीच येणार. तुझं काय ते आत्ता सांग."
"घरी विचारून सांगतो," म्हणाला.
सांज झाली, फोन न्हाय. लग्नाला सहा दिवस. ही भाकरी थापतेय, उजवा दंड भरलेला, डावा उघडा. मी चुलीपाशी जाऊन बसलो. तिनं उघडा दंड ओढणीखाली घेतला.