हर्णैचे कावळे

मुक्काम हर्णै, तालुका दापोली
वैशाख शुद्ध दशमी, शके १८७१

तीर्थरूप दादांस,

धाकट्या व्यंकटचा दंडवत. इकडं मी खुशाल आहे. तिकडंही सगळे खुशाल असतील असं धरून चालतो, कारण उलट कळवायला कुणी नाही. गजरावहिनींना नमस्कार सांगा. ढवळ्या बैलाचा खांदा बरा झाला का?

तुम्ही विचारलेलं नाही, तरी इथल्या मासेमारीचं लिहितो. नदीवर गळ टाकायला तुम्हीच शिकवलंत, तेव्हा चेला कुठवर पोचला ते गुरूला कळायला हवं.

परवा माझ्या गळाला सुरमई लागली. आपला मरळ गळ गिळला की तळाला दबा धरून बसतो. ही बया सरळ पळतच सुटली. मी दोर गच्च धरून ठेवला आणि बोटांची सालं निघाली. आमचा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, ओरडत होता की सोड, सोड. इथली रीत अशी की मासा दमेपर्यंत त्याला लांब जाऊ द्यायचं आणि मग बोलवून आणायचं. शेवटी त्यानंच दोर घेतला. सुरमई मांडीएवढी निघाली आणि नाव माझं झालं.

तुमच्यापैकी कुणी इकडं आलंच तर सांगून ठेवतो. दोर हाताला कधी गुंडाळू नये. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नये, घासत चालावं, कारण वाळूत पाकट लपलेलं असतं आणि त्याच्या शेपटीचा काटा घोट्यात बसला की माणूस लहान पोरासारखा रडतो. शिंगाळा मासा हाताळताना जपावं. आपल्या शिंगट्याचाच तो थोरला भाऊ, आणि थोरल्या भावाच्या बोलासारखाच त्याचा काटा लागला की लई दिवस ठणकतो. हे गमतीनं लिहिलं, राग मानू नका.

माझी पहिली फजिती ऐका. नदीवर आपण मासे दोरीत ओवून, खुंटी ठोकून पाण्यातच ठेवायचो, तसंच मी इथं केलं. गुडघाभर पाण्यात खुंटी ठोकली आणि भाकरी खायला गेलो. परत येऊन बघतो तर समुद्रच जागेवर नाही. आपल्या मुलखात पाणी आटतं ते उन्हाळाभर आटतं; जेवायला बसलं तेवढ्यात पाणी निघून जातं हे कुणाला ठाऊक? खुंटी कोरड्या वाळूत उभी आणि दोरीवर कावळ्यांची पंगत बसलेली. तांडेलाची आई म्हाळसाबाई अजूनही मला बघितलं की हसते. या गावात कावळे फार आहेत. होड्या किनाऱ्याला लागल्या की माणसांच्या आधी ते हजर असतात.

आता थोड्या दिवसांत होड्या वर ओढतील. मग नारळी पुनवेपर्यंत दर्या बंद. सगळे आपापल्या घरच्यांत बसून जाळी दुरुस्त करतात. गेल्या पावसाळ्यात मी तांडेलाच्या पडवीत पडून होतो आणि आतून त्यांच्या बोलण्याचा आवाज यायचा. माणसं चांगली आहेत, जेवायला आत बोलावतात. पण मला फार एकटं वाटतं, दादा. पुन्हा तसा पावसाळा काढवणार नाही.

एक गोष्ट लिहू की नको असं करत इथवर आलो. चैत्रात मी सोलापूरला आलो होतो. तांडेलानं सुक्या मासळीबरोबर पाठवलं होतं. बाजारात आपल्या गावचा किराणावाला बंडप्पा भेटला. मला बघून म्हणाला, "व्यंकटा, मातीला बी आला न्हाईस व्हय रं? माघात गेली की तुजी आई." माझा चेहरा बघून त्याला कळलं. "दादानं कळवलं न्हाय तुला?" असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, पत्र चुकलं असेल.

तुळजापूरची मोटार समोर उभी होती. आपली तामलवाडी तिथून किती लांब? मी चढलो नाही. रझाकार माझ्या मागावर होते तेव्हा वेशीपर्यंत पोचवायला तुम्हीच आला होतात. म्हणाला होतात, "म्या सांगावा धाडीन तवाच ये. तवर फिरकू नगंस." तेव्हा ते बरोबरच होतं. पण भादव्यात निजामी गेली, पळालेले सगळे घरी परतले, बंडप्पाही परतला. मी पत्रं धाडली. तुमचा सांगावा काही आला नाही.

इथं येऊन सुतक धरलं. दहाव्याला डोकं भादरून वाळूवर पिंड ठेवला. आईचा जीव कशात अडकला असेल ते एकेक बोलत गेलो. दादाशी भांडणार नाही, म्हणालो. लग्न करीन, म्हणालो. किनाराभर कावळे, पण एकही जवळ येईना. म्हाळसाबाई म्हणाली, "इकडच्या कावल्यांना भात कशाला? वर सुका बोंबील ठेव, येतील." आई माळकरी. आपण धरलेले मासे बांधावर तीन दगडांवर शिजवायचो आणि ते भांडंसुद्धा ती घरात घेऊ द्यायची नाही. तिच्या भातावर बोंबील ठेवू?

शेवटी मोठ्यानं म्हणालो, आई, मी घरी जातो. दादानं बोलावलं नाही तरी जातो. तरी कावळा आला नाही. भरती चढली आणि पिंड घेऊन गेली. इथल्या कावळ्यांची पोटं मासळीनं भरलेली असतात हे मला कळतं. पण शब्द मी देऊन बसलो आहे.

तुमच्याकडं कावळा शिवला का? काय बोललात तेव्हा शिवला, ते मला ऐकायचं आहे.

होड्या वर ओढल्या की निघतो. वाटणी मागायला येत नाही. तुमच्या मनात काय आहे ते मला खरंच ठाऊक नाही. येऊन वेशीत थांबेन, घरापर्यंत येणार नाही. परत पाठवायचं असेल तर तुम्ही स्वतः या आणि तोंडानं सांगा. बंडप्पाला पाठवू नका.

सांगाव्याची वाट बघणं सोडलेला,
तुमचा धाकटा
व्यंकट